अर्जातील चौकट आणि बोअरचे पाणी

अन्नव्यवसायाच्या नोंदणीसाठी २०११ च्या विनियमांनी जो अर्ज ठरवून दिला, त्यात एक छोटीशी चौकट होती. पाणीपुरवठा कोणता : सार्वजनिक, खासगी की अन्य? अर्जदाराने यांपैकी एकावर खूण करावयाची. अर्ज पुढे कागदावरून संगणकावर गेला, नियम बदलले, खात्यांची नावे बदलली. पण त्या चौकटीमागची वृत्ती बदललेली मला दिसली नाही. 'खासगी' या शब्दापुढे खूण पडली की शासनाच्या यंत्रणेत पुढे काय हालचाल होते? माझ्या नोकरीतील अनुभवाने मी या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देऊ शकतो : काहीही नाही. आणि या 'काहीही नाही'ची किंमत कोण मोजतो, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

उत्तरेकडील एका राज्यात, एका जिल्ह्याचा कारभार माझ्याकडे असतानाची ही गोष्ट. पावसाळा सरत आला होता. जिल्हा रुग्णालयात काविळीचे रुग्ण वाढू लागले. एका तरुण डॉक्टरने रुग्णांना केवळ औषध न देता 'गेल्या महिन्या-दीड महिन्यात बाहेर कोठे जेवलात?' असा प्रश्न विचारण्याची तसदी घेतली, आणि बरीच उत्तरे महामार्गावरील एकाच ढाब्याशी येऊन थांबली. मी त्या ढाब्याची फाइल मागविली. फाइल निर्दोष होती. परवान्याची प्रत होती, शुल्काची पावती होती, आणि पाणी 'पिण्यास योग्य' असल्याचा प्रयोगशाळेचा अहवालही होता. अहवालाची तारीख होती मार्च महिन्यातील. पाऊस पडला होता जुलैत.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तेथे गेलो. ढाब्याच्या मागे विंधन विहीर होती. तिचा केसिंग पाइप जमिनीच्या पातळीला येऊन संपत होता आणि त्याच्या तोंडावर एक फुटके घमेले पालथे घातलेले होते. भोवती भांडी धुतलेल्या पाण्याचे डबके. तेथून दहा-बारा पावलांवर, चढाच्या बाजूला, शौचालयाचा शोषखड्डा. मालक भला माणूस होता. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागविला, आणि मी पाण्याविषयी विचारताच अत्यंत प्रामाणिक आश्चर्याने म्हणाला, "साहेब, पाणी तर पास झालेलं आहे."

त्या वाक्याने मी निरुत्तर झालो, कारण ते खरे होते. पाणी पास झाले होते. कायद्याने जे मागितले ते त्याने दिले होते. आम्हीच चुकीची गोष्ट मागितली होती.

त्या बोअरच्या पाण्यानेच ती माणसे आजारी पडली हे पुढे सिद्ध झाले नाही, आणि होणे शक्यही नव्हते. अ प्रकारची कावीळ शरीरात शिरल्यापासून दिसू लागेपर्यंत साधारण दोन ते सहा आठवडे जातात. ई प्रकारची त्याहूनही उशिरा उघड होऊ शकते. रुग्ण पिवळा होऊन डॉक्टरांकडे येईतो ढाब्याची टाकी अनेकदा भरून रिकामी झालेली असते. जे पाणी तो प्यायला, ते जगात शिल्लकच नसते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ६५ मध्ये असुरक्षित अन्नाने मृत्यू आल्यास किमान पाच लाख रुपयांच्या भरपाईची तरतूद आहे. उत्तम तरतूद. पण पाण्यातून आलेल्या आजारात ती वापरण्यासाठी जो पुरावा लागतो, तो गटारातून केव्हाच वाहून गेलेला असतो. ज्या अपराधाचा पुरावा मागे उरत नाही, तेथे शिक्षेच्या भीतीवर व्यवस्था उभी करणे म्हणजे वरातीमागून घोडे नाचविणे होय. तेथे आधीची काळजी हाच एकमेव कायदा असू शकतो.

आता कायद्याकडे वळू. आपला कायदा या बाबतीत मुका आहे असे कोणी समजू नये. २००६ च्या अधिनियमात 'अन्न' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत अन्न तयार करताना वापरलेल्या पाण्याचाही स्पष्ट समावेश आहे. म्हणजे वरणात घातलेले पाणी हे कायद्याच्या दृष्टीने डाळीइतकेच अन्न आहे. परवान्याच्या विनियमांतील चौथ्या अनुसूचीत पाणी पिण्यायोग्य असले पाहिजे असे सांगितले आहे. तपासणीच्या नमुना-तक्त्यात ते भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. १०५०० या मानकात बसणारे असावे, दर सहा महिन्यांनी तपासावे आणि त्याची नोंद ठेवावी, असे आहे. आणि हे मानकही कठोर आहे : १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा मैल्याचा निदर्शक जंतू एकही आढळता कामा नये.

एवढे सगळे असूनही ढाब्यामागे ते डबके कसे राहिले?

पहिले कारण असे की, आपण पाण्याची परीक्षा न घेता बाटलीची परीक्षा घेतो. जंतूंच्या तपासणीसाठी नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा लागतो; पाण्यात क्लोरीन असेल तर ते निष्प्रभ करणारे रसायन त्या बाटलीत आधी घालावे लागते; नमुना थंड ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. प्रत्यक्षात काय घडते? मालकाचा माणूस कोठूनतरी एका बाटलीत पाणी भरतो आणि सवडीने प्रयोगशाळेत नेऊन देतो. ते पाणी त्याच्याच बोअरचे आहे की शेजारच्या नळाचे, हे प्रयोगशाळेला ठाऊक नसते आणि तिने ते विचारावे अशी अपेक्षाही नसते. ती प्रामाणिकपणे लिहिते : 'सादर केलेल्या नमुन्यानुसार.' या दोन-तीन शब्दांत सगळी जबाबदारी विरघळून जाते. मी एकदा सहज तीन उपाहारगृहांच्या फायली शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. तिन्हींतील पाण्याचे अहवाल दशांशचिन्हापर्यंत एकसारखे होते. तीन बोअर, तीन गल्ल्या, पण भूगर्भाने जणू एकमताने ठराव केला होता!

दुसरे कारण अधिक खोल आहे. नमुना अगदी प्रामाणिकपणे घेतला तरी तो एका क्षणाचे पाणी सांगतो. भूजल ही स्थिर वस्तू नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाहते. पावसाळ्यात वरची घाण त्या भेगांवाटे फारशी न गाळता बोअरमध्ये उतरू शकते. केरळात आणि कोकणात जांभा दगडातील उघड्या विहिरी पहिल्या सरींबरोबर गढूळ होतात. गंगेच्या खोऱ्यात अनेक ठिकाणी आर्सेनिक, राजस्थानात आणि तेलंगणातील नलगोंड्याच्या परिसरात फ्लोराइड, तर खतांचा भरमसाट वापर असलेल्या वा मैल्याचा निचरा नसलेल्या भागात नायट्रेट. ही विषे उकळून जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. मार्चमधील अहवालावर ऑगस्टचे पाणी पिणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पंचांगावर यंदाचा मुहूर्त काढण्यासारखे आहे.

यासाठीच जागतिक आरोग्य संघटनेने २००४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'जलसुरक्षा आराखडा' ही कल्पना मांडली. तिचे सार एवढेच : शेवटच्या पेल्यातील थेंब तपासत बसू नका, उगमापासून पेल्यापर्यंतची वाट तपासा. बोअरचे तोंड जमिनीच्या वर आहे का, भोवती ओटा आहे का, शोषखड्डा किती अंतरावर व कोणत्या उताराला आहे, टाकीला झाकण आहे का, टाकी शेवटची केव्हा धुतली? हे पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, दोन डोळे लागतात. आपल्याच जुन्या म्हणीत हे शहाणपण आहे : आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. आडात जे असेल, ते पोहऱ्यात आल्यावाचून राहत नाही.

तिसरे कारण घटनेच्या अनुसूचींत आणि आमच्या कार्यालयांच्या भिंतींत आहे. पाणी हा राज्यसूचीतील १७ वा विषय. सार्वजनिक आरोग्य हा त्याच सूचीतील ६ वा. अन्नभेसळ हा समवर्ती सूचीतील १८ वा. कागदावरील ही विभागणी जमिनीवर अशी उतरते : अन्न सुरक्षा अधिकारी म्हणतो, मी स्वयंपाकघर पाहतो, भूजल माझ्याकडे नाही. भूजलाचे कार्यालय म्हणते, आम्ही किती उपसता ते पाहतो, कसे आहे ते नाही. शिवाय २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी दिवसाला दहा घनमीटरपेक्षा कमी उपसा करणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना ना-हरकत प्रमाणपत्रातूनच सूट दिली आहे. दहा घनमीटर म्हणजे दहा हजार लिटर. देशातील बहुतेक ढाबे, मिठाईची दुकाने आणि खानावळी या मर्यादेच्या आत सुखाने नांदतात. नगरपालिका म्हणते, ती आमची वाहिनी नाही. आणि ज्याच्या जमिनीखाली पाणी आहे तो म्हणतो, हे माझे आहे. त्याच्या बाजूने १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम उभा असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, एवढाच याचा अर्थ.

टँकरचे तर विचारूच नये. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईतील काही उपाहारगृहांना पाण्याअभावी जेवणाच्या वेळा कमी कराव्या लागल्या. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूत पाण्याचे हाल झाले तेव्हा प्रशासनाने टँकरचे दर लिटर आणि अंतर यांच्या हिशेबाने बांधून दिले. योग्यच केले. पण त्या दिवसांत टँकरच्या दराची जितकी चर्चा झाली, त्याच्या दशांशानेही टँकरच्या पोटाची झाली नाही. तो कोणत्या विहिरीवर भरला, काल त्याने बांधकामावर पाणी ओतले की आणखी काही वाहिले, आतून केव्हा धुतला, हे प्रश्न स्वस्त-महागाच्या गोंगाटात बुडून गेले. गंमत अशी की, बर्फाच्या बाबतीत आपल्याला शहाणपण सुचले होते. २०१८ साली खाण्यासाठी नसलेला बर्फ निळ्या रंगाने ओळखू यावा अशी सूचना निघाली, आणि महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने तिचा आग्रह धरला. बर्फ निळा होऊ शकतो, तर टँकरवर 'अन्नासाठी' आणि 'अन्य कामासाठी' अशी दोन वेगळी चिन्हे का असू नयेत?

या विषयावर बोलू लागले की चार आक्षेप हमखास पुढे येतात. त्यांना टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप : 'सरकारी नळाचे पाणी तरी कोठे शुद्ध असते?' मान्य आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची जी प्रचंड साथ आली, तीत सुमारे २९ हजार लोकांना उघड कावीळ झाली, आणि ती सार्वजनिक पुरवठ्यात यमुनेतून शिरलेल्या सांडपाण्यामुळेच होती. उलट लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाने भोवतालच्या घराघरांत कॉलरा पोहोचविला, तेव्हा जवळच्याच अनाथगृहवजा आश्रयशाळेतील ५३५ जणांपैकी केवळ पाचजण दगावले. कारण तिची स्वतःची विहीर होती. तेव्हा खासगी पाणी वाईट आणि सरकारी चांगले असा माझा दावा नाही. माझा दावा असा की, सार्वजनिक पाणी बिघडले तर धारेवर धरायला निदान एक अभियंता असतो, विधानसभेत प्रश्न येतो, चौकशी होते. खासगी पाणी मात्र बेवारशी असते. त्याचा मालक असतो, राखणदार नसतो.

त्याच जॉन स्नोने ब्रॉड स्ट्रीटविषयी आणखी एक नोंद केली आहे, जी आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. त्या पंपाचे पाणी जेवणाबरोबर देणाऱ्या एका कॉफीच्या दुकानाच्या मालकिणीने त्याला सांगितले की, तिच्या गिऱ्हाइकांपैकी नऊजण मेल्याचे तिला आधीच ठाऊक झाले होते. त्या भागातील गुत्त्यांत तेच पाणी मद्यात मिसळले जाई, आणि लहान दुकानांत सरबत म्हणून विकले जाई. म्हणजे एका घराचे पाणी बिघडले तर एक घर आजारी पडते. पण खाणावळीचे पाणी बिघडले तर ते ताटातून आणि पेल्यातून गावोगाव प्रवासाला निघते. याचसाठी खासगी घराची विहीर आणि खासगी उपाहारगृहाची विहीर या दोहोंना एकाच मापाने मोजता येणार नाही.

दुसरा आक्षेप : 'आम्ही आरओ बसविले आहे.' ही नव्या मध्यमवर्गाची नवी श्रद्धा आहे. यंत्र विकणारा येतो, पाण्यात टीडीएस मीटर बुडवितो, आकडा दाखवितो, आणि आपण नतमस्तक होतो. तो आकडा पाण्यात विरघळलेले क्षार सांगतो; जंतूंविषयी तो अवाक्षरही बोलत नाही. मैला मिसळलेल्या पाण्याचा टीडीएस ही उत्तम येऊ शकतो. शिवाय आरओचे पाणी एका नळापुरते असते, तेही पुन्हा एखाद्या उघड्या पिंपात साठविले जाते. कोशिंबिरीची काकडी, पाणीपुरीचे पाणी, चटणीचे वाटण, ताटे विसळण्याची बादली यांना कोणते पाणी लागते? चहा उकळतो म्हणून सुरक्षित, पण कप कोणत्या पाण्यात बुडवून पुढच्या गिऱ्हाइकाला दिला? जेवणाबरोबर कोमट पाणी देण्याची केरळातील रीत किती चांगली! पण घाईच्या वेळी तेच पाणी निववण्यासाठी त्यात कच्चे पाणी ओतले गेले तर ती रीत केवळ रंगापुरती उरते.

तिसरा आक्षेप गरिबाच्या नावाने घेतला जातो : 'हातगाडीवाल्याला हे कसे परवडणार?' माझा अनुभव असा की, गरिबाच्या नावाने केलेल्या युक्तिवादाचा लाभ बहुधा तीन मजली उपाहारगृहाला मिळतो. हातगाडीवाल्याकडे बोअर नसतो. तो पाणी मागून आणतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रीक्षेत्रे ठरवावयाची आहेत. त्या प्रत्येक क्षेत्रात क्लोरीनयुक्त पाण्याचा एक नळ देणे हे शासनाचे काम आहे आणि तो न देता विक्रेत्याला दंड करणे हा अन्याय आहे. पण ज्याच्याकडे बोअर आहे, पंप आहे, गच्चीवर टाक्या आहेत, त्याला ब्लीचिंग पावडर परवडत नाही हे मी मान्य करणार नाही. आय.एस. १०५०० नुसार पाण्यात उरावयाचे मुक्त क्लोरीन आहे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. पाणी गढूळ नसेल आणि अर्धा तास थांबण्याची सवड दिली, तर एवढ्यावर बहुतेक रोगजंतूंचा निकाल लागतो. त्याचा खर्च ढाब्याच्या कांद्याच्या खर्चाहूनही कमी असतो.

चौथा आक्षेप माझ्याच सहकाऱ्यांचा : 'आणखी एक इन्स्पेक्टर राज आणू नका.' या आक्षेपाला मी सर्वाधिक मान देतो, कारण इन्स्पेक्टर राज मी आतून पाहिले आहे. पण ते कोठे फोफावते? जेथे सत्य फायलीत बंद असते आणि फाइल एकाच माणसाच्या हाती असते तेथे. आजची व्यवस्था नेमकी तशीच आहे. अहवाल फाइलमध्ये, फाइल कपाटात, किल्ली कारकुनाकडे. मी मागतो आहे ते याच्या उलट : सत्य भिंतीवर टांगा. गिऱ्हाइकाला दिसू द्या. ज्या गोष्टीला हजार डोळे पाहतात, तेथे एका डोळ्याची किंमत उतरते.

हे स्वप्नरंजन नव्हे. आपल्याच घरात याचा नमुना आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांचे वर्षातून दोनदा स्वच्छता सर्वेक्षण करून जोखमीनुसार लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकणारा जलसुरक्षक आणि ओ.टी. चाचणीत पाण्याला पिवळा रंग येतो का हे पाहणारा आरोग्य कर्मचारी, ही आपल्या ग्रामीण प्रशासनाची ओळखीची माणसे आहेत. या पद्धतीत त्रुटी आहेत, मीही त्या जाणतो. पण विचार करा : पाचशे वस्तीच्या खेड्यातील विहिरीला कार्ड आहे, आणि तेवढीच माणसे रोज जेवून जातात त्या महामार्गावरील ढाब्याच्या बोअरला काहीही नाही! इंग्लंडात २०१६ चे खासगी पाणीपुरवठ्याविषयीचे विनियम आहेत. तेथे स्थानिक संस्थेने अशा स्रोतांची नोंद ठेवावयाची, व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या स्रोताची जोखीम दर पाच वर्षांनी स्वतः जाऊन तपासावयाची, आणि पाण्याचे नमुने वर्षातून किमान एकदा घ्यावयाचे, असा दंडक आहे. तेथे जबाबदारी कोणाची हे कायद्याने एका ओळीत सांगितले आहे. आपल्याकडे ती ओळच लिहिलेली नाही.

मग करावे काय? माझी मागणी पाच गोष्टींची आहे. यांपैकी एकीसाठीही संसदेत नवा कायदा आणण्याची गरज मला दिसत नाही. नियम, परिपत्रके आणि इच्छा यांवर त्या होऊ शकतात.

१. अर्जातील 'खासगी' या चौकटीवर खूण पडताच स्रोताचा साधा नकाशा मागावा : बोअर वा विहीर कोठे, शोषखड्डा कोठे, उतार कोणीकडे, टाकी कोठे. टँकर असेल तर तो कोठून भरतो.

२. पाण्याचा नमुना अर्जदाराने आणू नये. घेणाऱ्याने जाऊन घ्यावा. वर्षातील दोन नमुन्यांपैकी एक पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या पंधरवड्यातील असावा. जल जीवन मिशनच्या २०२१ च्या आराखड्यानुसार सरकारी पाणी-प्रयोगशाळा नाममात्र शुल्कात जनतेला खुल्या झाल्या आहेत. त्यांना या कामाशी जोडावे.

३. रोज सकाळी टाकीतील क्लोरीन मोजावे व आकडा दर्शनी फळ्यावर खडूने लिहावा. महिन्यातून एकदा हायड्रोजन सल्फाइडची बाटली लावावी. मैल्याचा संसर्ग असेल तर पाणी काळे करणारी ही सोपी चाचणी १९८२ साली भारतीय संशोधकांनीच जगापुढे मांडली, आणि आपणच तिला खेड्यांपुरती ठेवून दिली.

४. अन्नव्यवसायाला पाणी पुरविणारा टँकर हे अन्नाचे वाहन मानावे. व्याख्येनुसार ते पाणी अन्नच आहे. त्याची नोंदणी, धुण्याची तारीख आणि भरण्याची जागा टँकरवर लिहिलेली असावी.

५. जोखीम तपासून उपाहारगृहाच्या दारावर लाल, पिवळे वा हिरवे कार्ड लावावे आणि ते देण्याची जबाबदारी एकाच अधिकाऱ्यावर, पदनामानिशी, टाकावी. चार कार्यालयांची समिती नको. समितीत जबाबदारी जाते ती परत येत नाही.

फळ्यावरचा आकडाही खोटा लिहिता येईल, हे मी जाणतो. कॅनडातील वॉकर्टन गावी २००० साली दूषित विहिरीने सातजणांचा बळी घेतला आणि दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, तेव्हा चौकशीत उघड झाले की क्लोरीनच्या नोंदवहीत वर्षानुवर्षे न मोजलेले आकडे भरले जात होते. तेव्हा नोंदवही ही पुरेशी नाही. पण तेथील नोंदवही कार्यालयात होती. फळा दारात असेल, तर गिऱ्हाइकापैकी कोणीतरी शाळकरी पोर एक दिवस स्वतःची पट्टी बुडवून पाहील, एवढी आशा मला ठेवू द्या.

शेवटी महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या मराठी वाचकांना एक सांगणे. हे सर्व 'त्या' ढाबेवाल्यांविषयी आहे असे समजू नका. अधिनियमातील 'अन्नव्यवसाय' या शब्दाच्या व्याख्येत नफ्यासाठी वा नफ्याविना, सार्वजनिक वा खासगी, असे दोन्ही प्रकार येतात. म्हणजे इंदूर, बडोदे, दिल्ली वा बेंगळुरू येथील आपल्या मंडळांचा गणेशोत्सवातील महाप्रसादही विचारात घ्यावा लागेल. भाद्रपद हा नेमका पावसाळ्याच्या शेवटचा महिना, भूजल बिघडण्याचा काळ. मांडवामागे टँकर उभा राहतो. त्याच पाण्याचा मठ्ठा होतो, त्यातच कोशिंबीर धुतली जाते, त्यातच पंक्तीचे पेले विसळले जातात. मंडळाचा जमाखर्च आपण पै-पैचा तपासतो. टँकर कोठून भरला हे कार्यकारिणीच्या कोणत्या सभेत विचारले गेले आहे? शासनाच्या परिपत्रकाची वाट न पाहता हा प्रश्न यंदापासून विचारता येईल. अर्ध्या तासाचे काम आणि थोडी ब्लीचिंग पावडर.

त्या ढाब्यावर मी दिलेला चहा घेतला नाही. मालकाला ते लागले असावे. मी त्याला बोअरचे तोंड दोन फूट वर उचलून भोवती सिमेंटचा ओटा करायला आणि शोषखड्डा दुसऱ्या बाजूला हलवायला सांगितले. ओटा त्याने आठवड्यात केला. खड्ड्याला मात्र महिना लागला. दोन्ही कामांना कोणत्याही कलमाचा आधार मी त्याला दाखविला नव्हता, त्यानेही मागितला नाही. जाताना त्याने एकच विचारले, "साहेब, हे आधी कोणी का नाही सांगितलं?"

आमच्या सर्व फायलींत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते असावे, एवढीच या लेखाची मागणी आहे.